'सायको' (१९६०) पुन्हा पाहताना लक्ष कुठे ठेवावं?

निळीशाई
हिचकॉकचा 'सायको' बऱ्याच वर्षांनी पुन्हा बघायचा आहे. आईचं गुपित (ती कधीच मेली आहे आणि खून तिच्या वेशात मुलगा नॉर्मनच करतो) माहीत आहे, म्हणजे धक्का गेलाच. मग दुसऱ्यांदा बघण्यासारखं काय उरतं? आणि प्रिंट कोणती घ्यावी? आधी टीव्हीवर पाहिलेली चौकोनी होती. शेवट फोडून लिहिलंत तरी चालेल.

पडद्यामागे
शॉवरचा प्रसंग सोडा, तो सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या आधीचा, मोटेलच्या ऑफिसमागच्या खोलीतला सँडविचचा प्रसंग नीट ऐका. पहिल्यांदा बघताना मोटेल चालवणारा नॉर्मन म्हणजे आईच्या धाकातला भित्रा पोरगा वाटतो. आता त्याचं प्रत्येक वाक्य दुहेरी लागतं. आई त्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांइतकीच निरुपद्रवी आहे, असं तो सांगतो. अक्षरशः खरं आहे ते, कारण आईचं जपलेलं प्रेतच घरात आहे! ४०,००० डॉलर चोरून पळालेल्या आणि मोटेलवर उतरलेल्या मेरियनने आईला 'कुठेतरी' ठेवण्याचं सुचवताच तो पुढे झुकतो आणि आवाज बदलतो. नॉर्मन झालेल्या अँथनी पर्किन्सचं काम तिथे बघावं.

किल्ली देतानाचा हातही चुकवू नका. मेरियन आपलं गाव लॉस अँजेलिस सांगते, नॉर्मनचा हात किल्ल्यांवर क्षणभर घुटमळतो आणि ऑफिसला लागून असलेल्या एक नंबरच्या खोलीची निघते. नंतर बोलण्याच्या ओघात ती फिनिक्स आणि क्रेन हे आडनाव बोलून जाते. ती गेल्यावर तो रजिस्टर बघतो, तिथे नाव मेरी सॅम्युअल्स. तिचं खोटं त्याला कळलं आहे, हे पहिल्या वेळी सहज निसटतं.

मोनो_कान
प्रिंटबद्दल. चित्रपट १.८५:१ (चौकटीची रुंदी : उंची) मध्ये बघा. चौकोनी प्रिंटमध्ये डोक्यावर नको तेवढी जागा उघडी पडते आणि चौकटीचा घट्टपणा जातो. २०२० च्या ४के डिस्कवर न कापलेली आवृत्तीही आहे. फरक मोजक्या सेकंदांचा: भिंतीच्या भोकातून दिसणारी मेरियन, नॉर्मनचे रक्ताळलेले हात आणि तिच्या शोधात आलेल्या खासगी गुप्तहेर आर्बोगास्टवरचे जादा वार.

आवाज मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा ठेवा. संगीत फक्त तंतुवाद्यांचं आहे. ते स्पीकरांत वाटून टाकलं की किंचाळणाऱ्या व्हायोलिनची धार बोथट होते. टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर पावसातला ड्रायव्हिंगचा भाग मालिकेसारखा दिसतो. खोलीत अंधार हवा. नॉर्मन मेरियनची गाडी दलदलीत बुडवतो तो प्रसंग उजेडात नुसता काळा गोळा दिसतो, आणि गाडी मध्येच अडकते तेव्हा ती बुडावी असं आपल्यालाच वाटू लागतं, ती गंमत हुकते.

पडद्यामागे
मोनोबद्दल सहमत. आईचा आवाजही कान देऊन ऐका. तो एकाच व्यक्तीचा नाही, त्यात बायकांबरोबर एका पुरुषाचाही आहे, म्हणून पोत बदलत राहतो.

चष्मेबद्दूर७
थोडं उलट बाजूने. काही गोष्टी दुसऱ्यांदा बघताना उघड्या पडतात. जिन्यावर आर्बोगास्टवर हल्ला होतो तेव्हा कॅमेरा छतापाशी जातो. नॉर्मन आईला उचलून तळघरात नेतो तेव्हाही तसाच. पहिल्यांदा ती शैली वाटते. नंतर कळतं की 'आई'चा चेहरा लपवायचा होता. मला ही चलाखी आवडते, पण एकदा दिसली की दिसतच राहते. तसाच मेरियनचा मेलेला डोळा: मृताची बाहुली रुंदावते, इथे प्रखर लाइटमुळे ती आकसलेली आहे.

शेवटी नॉर्मनबद्दल खुलासा करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं लांबलचक भाषण मात्र अजूनही जड जातं.

निळीशाई
ते भाषण फास्ट-फॉरवर्ड केलं तर?

पडद्यामागे
नको. लांबलंय, मान्य. पण ४०,००० डॉलरांचं काय झालं याचा निकाल तिथेच लागतो: दलदल, आणि हे खून पैशासाठी नव्हतेच. ज्या रकमेमागे आपण पाऊण तास धावलो, ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली तशीच गाडीच्या डिकीत गेली. शिवाय त्या तज्ज्ञाची 'आईने ताबा घेतला' ही मांडणी ऐकल्यावरच कोठडीतला शेवट चढतो. नॉर्मन हसतो, त्याच्या चेहऱ्यावर आईच्या कवटीचे दात पुसटसे उमटतात आणि लगेच साखळीने गाडी वर ओढली जाते. पॉज करायचंच असेल तर तिथे.