स्ट्रिंगचं हॅश हाताने लिहायचं की तयार वापरायचं?

टिळकवाडीकर:
व्हीटीयूच्या (कर्नाटकातलं इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) २०१८ च्या स्कीममधला डेटा स्ट्रक्चर्स लॅबचा शेवटचा प्रोग्रॅम आठवतोय? चार आकडी की (नोंदीची ओळख), भागून बाकी काढा, तो नोंदीचा कप्पा; भरलेला असला तर पुढचा बघा, म्हणजे लिनियर प्रोबिंग. पोरं पाठ करतात आणि व्हायवा मारून नेतात. खरं आकड्याऐवजी नाव आलं तर काय, विचारलं की सगळे गप्प. माझं मत: स्ट्रिंगचं हॅश, म्हणजे अक्षरांच्या ओळीतून कप्प्यासाठी एक आकडा काढायचा हिशेब, प्रत्येकाने एकदा तरी स्वतः लिहावा. एवढंच तर आहे:

ह = ०
प्रत्येक अक्षराला: ह = ह × ३१ + अक्षराचा कोड
कप्पा = ह % कप्प्यांची संख्या (% म्हणजे भागून उरलेली बाकी)

जावाची स्ट्रिंगसुद्धा हाच ३१ चा हिशेब करते.

पुण्यात नोकरी, घर खानापूर:
आणि मग हेच पोरगं कंपनीत येऊन तसलंच हॅश सर्व्हरवर चढवतंय, निस्तरायचं आम्ही. त्या ३१ मध्ये कॅपिटल ए-स्मॉल ए आणि दोन कॅपिटल बी, दोन्हीचं उत्तर २११२. असे तुकडे जोडून एकाच हॅशच्या हजारो स्ट्रिंग बनतात. त्या फॉर्ममधून पाठवल्या की सगळ्या एकाच कप्प्यात कोंबल्या जातात आणि सर्व्हर आडवा, हे २०११ च्या डिसेंबरात बर्लिनच्या हॅकर परिषदेत दाखवलंय. म्हणून तर पायथनने ३.३ पासून हॅशमध्ये दर वेळी वेगळा सीड (हिशेबात मिसळायचा गुप्त आकडा) घातला आणि ३.४ ला सिपहॅश हे असल्या हल्ल्याला दाद न देणारं हॅश आणलं. तयार आहे ते वापरा की!

टिळकवाडीकर:
सर्व्हरवर चढवा असं कोण म्हणालंय? शिकण्याचं बोलायलोय मी. राम, रमा, मार घ्या. अक्षरांच्या कोडची नुसती बेरीज केली तर तिघांची ७०६८, कारण अक्षरं तीच. ३१ ने गुणलं की राम २३३५९६८, रमा २३३५४८८, मार २३३४०४८. क्रमाला किंमत का द्यायची, हे वहीवर उतरवल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

निपाणीची मॅडम:
सर, आता कप्पे ३२ ठेवा आणि परत बघा. तिघंही कप्पा ० मध्ये. ३१ म्हणजे ३२ च्या हिशेबात उणे १, त्यामुळे पहिलं वाढवा, दुसरं वजा करा, तिसरं वाढवा, एवढंच उरतं. ३३ ने गुणणाऱ्या डीजेबी२ या दुसऱ्या हॅशची तर आणखी गंमत: ३३ ला ३२ ने भागून बाकी १, म्हणजे फिरून तुमची ती बेरीजच! कप्पे ३७ करा, मग १०, ११, १४ येतात. गुणक एका पानावर आणि कप्प्यांची संख्या दुसऱ्या पानावर शिकवली की हे सुटतं. (कप्पे ३१ ठेवू नका हं, फक्त शेवटचं अक्षर मोजलं जाईल.)

टिळकवाडीकर:
मॅडम, तयार फंक्शन वापरून हे कुणाला दिसलं असतं?

पुण्यात नोकरी, घर खानापूर:
दिसून काय करायचंय? आपल्याकडच्या याद्यांचं दुखणं वेगळंच आहे. 'ॲड.' आणि 'अॅड.' बघा. पहिल्यात एकच अक्षर, युनिकोडचा (अक्षरांना ठरवून दिलेले कोड) हेक्समधला ०९७२, दुसऱ्यात ०९०५ वर ०९४५ ची चंद्रखूण. डोळ्याला सारखं, हॅश मात्र वेगळं, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकच अक्षर वेगवेगळं लिहिलेलं एका रूपात आणणं) त्यांना एक करत नाही. वकीलसाहेब यादीत दोनदा. त्यात एकच सभासद एका रजिस्टरात देवनागरीत आणि दुसऱ्यात कन्नडात. आधी नावं एका साच्यात आणायचं फंक्शन लिहायला लावा पोरांना. पुढे ३१ घ्या नाहीतर ३३, मला काय!