प्रशिक्षणात गुडघा निकामी झाला, अपंगत्व पेन्शन नाकारली. पुढे काय करावे?

प्रश्न
मी २०१८ मध्ये भूदलात शिपाई म्हणून भरती झालो. प्रशिक्षण केंद्रात नऊ फुटी खड्ड्यावरून उडी मारताना उजवा पाय कडेवर अडकला आणि गुडघ्याचे लिगामेंट फाटले. शस्त्रक्रियेनंतरही पळता येईना, तेव्हा वैद्यकीय मंडळाने मला बोर्ड आऊट केले, म्हणजे सेवेसाठी अपात्र ठरवून काढले. कागदावर मात्र अपंगत्व १५ टक्के आणि ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारला. कसम परेड (प्रशिक्षणाअंती होणारी शपथेची परेड) होण्याआधीच घरी परतलेल्या रिक्रूटला पेन्शन मागता येते का?

निवृत्त सुभेदार
येते. दुखापत परेडच्या वेळेत, उस्तादांसमोर (प्रशिक्षकांसमोर) झालेली आहे. तिचा सेवेशी संबंध नाही असे कसे म्हणता येईल? मात्र त्या दिवशी इंज्युरी रिपोर्ट भरला होता का, हे आधी पाहा. नाव मागे पडेल या भीतीने पोरे दुखणे लपवतात, चार दिवसांनी एमआय रूममध्ये (तुकडीच्या दवाखान्यात) जातात आणि मग कागदावर उडीचा उल्लेखच राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल आणि मंडळाची कार्यवाही रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागवा.

वकील
सुभेदारसाहेबांनी सांगितलेला भरतीचा अहवाल फार मोलाचा आहे, कारण त्यात गुडघ्याच्या दोषाची नोंद नसेल तर जवान भरतीवेळी निरोगी होता असे गृहीत धरावे आणि अपंगत्व सेवेमुळे आले नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणात स्पष्ट केले आहे. पेन्शनसाठी लागणाऱ्या २० टक्क्यांपेक्षा १५ कमी आहेत म्हणूनही खचू नका. ज्याला सैन्यातून अपात्र ठरवून काढले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक मानावे, असे सुखविंदर सिंह प्रकरणात २०१४ मध्ये म्हटले आहे. आधी अपील करा. ते फेटाळले गेले तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. उशिरा आलात तर थकबाकी साधारणपणे मागील तीन वर्षांपुरतीच मिळते, म्हणून दिवस घालवू नका.

प्रश्नकर्ता
ट्रंकेत एमआय रूमची चिठ्ठी सापडली. तारीख त्याच दिवसाची आहे आणि डॉक्टरांच्या हाताने ‘खड्ड्यावरून उडी मारताना’ असे लिहिले आहे.

निवृत्त सुभेदार
मूळ चिठ्ठी कोणाच्याही हाती देऊ नका. अपिलाला साक्षांकित प्रतच जोडा.