हिमवादळात सापडलेली संध्याकाळ : तुमचे अनुभव लिहा

परवा आम्ही दोघं नाटकाला गेलो होतो. आत शिरताना बारीक भुरभुर होती, बाहेर आलो तर पायऱ्याच दिसेनात. सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. ताज्या, भुसभुशीत बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या आवाज शोषून घेतात, हे वाचलं होतं. पण भर चौकात स्वतःच्या जॅकेटवर कण पडल्याची चुरचुर ऐकू यावी! आकाशही काळं नव्हतं. दिव्यांचा उजेड बर्फावरून ढगांवर आणि ढगांवरून परत खाली, सगळीकडे नारिंगी झाक. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. तुम्हीही असे अडकला असाल तर जरूर लिहा.

*

आमची बस उड्डाणपुलावर अडकली होती. पुलाला वरून-खालून दोन्हीकडून गार हवा लागते, जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. चालकाने शांतपणे सांगितलं, "कोणी उतरू नका, इथे पाय ठरणार नाही." दोन तास बसलो. शेजारच्या आजींनी त्यांची शाल माझ्या मुलीच्या पायांवर टाकली ती शेवटपर्यंत परत घेतली नाही.

*

माझा अनुभव जरा भीतीचा आहे. वाढदिवसाच्या जेवणाहून एकटीच परतत होते. गाडी बर्फात रुतली. इंजिन चालू ठेवून, हीटर लावून, काचा बंद करून मदतीची वाट बघत बसले. डोकं जड झालं, वाटलं दमणूक असेल. तेवढ्यात एका काकांनी काचेवर जोरात थाप मारली. "आधी इंजिन बंद करा! सायलेन्सर बघितलात का?" मागचा पाइप पूर्ण गाडला गेला होता. धूर बाहेर न जाता गाडीत शिरत होता आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. त्यांनी मला बाहेर उभं केलं, दारं उघडली आणि हातांनी बर्फ उकरून पाइप मोकळा केला. कृपा करून हे घरी सगळ्यांना सांगा : रुतलात तर आधी पाइप मोकळा करा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवा, एक काच किंचित उघडी ठेवा.

*

उणे १० च्या खाली साध्या मिठाने बर्फ फारसा वितळत नाही. मीठ टाकलंय म्हणून बिनधास्त चालू नका. माझं मनगट तसंच मोडलं.

*

सायलेन्सरवाल्या ताई, अंगावर काटा आला. ते काका पुन्हा भेटले का?

*

नाही हो. नावही विचारायचं राहून गेलं. पाइप चाचपताना त्यांनी काढलेला एक हातमोजा माझ्या बॉनेटवरच राहिला. डिकीत आता फावडं असतं, त्याच्याशेजारी तो जपून ठेवलाय.