घराला बाहेरून स्वतः रंग देताना आधी काय करावे?

ओसरी:
आमचे घर एकमजली असून विटांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आहे. बाहेरच्या जुन्या रंगावरून हात फिरवला की पांढरी भुकटी बोटांना लागते, सावलीतल्या भिंतीवर शेवाळ धरले आहे आणि जमिनीलगत पोपडे सुटून त्याखाली पांढरा खार दिसतो. काम स्वतःच करायचे आहे आणि घाई नाही. पोपडे खरवडून थेट ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात दिले तर चालेल, की प्रायमर आणि पुट्टी दोन्ही लागतील? शिवाय दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींच्या माथ्यापर्यंत शिडीवरून एकट्याने पोहोचणे योग्य ठरेल का?

चुनखडी:
रंगाआधी त्या खाराकडे पाहावे. भिंतीत शिरलेले पाणी क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते आणि पाणी उडून गेल्यावर क्षार मागे राहतात. हे चालू असेपर्यंत कितीही महाग रंग लावला तरी तो पुन्हा सुटणारच. भिंतीला टेकलेली माती, फुटकी पन्हाळ किंवा गळका नळ यांपैकी काही आहे का ते आधी तपासा. खार कोरड्या, ताठ ब्रशने झाडून काढावा, कारण पाण्याने धुतल्यास त्यातला काही भाग विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो. 'वॉटरप्रूफ' म्हणून मिळणारा जाड थराचा रंग इथे मुळीच लावू नये. आतला ओलावा त्याच्यामागे कोंडतो आणि फुगे येतात. तो पट्टा पूर्ण सुकेपर्यंत तसाच उघडा ठेवायला माझी तरी हरकत नसती.

शेवाळासाठी घरगुती ब्लीचच्या एका भागात तीन भाग पाणी मिसळून ते 15 ते 20 मिनिटे भिंतीवर राहू द्यावे आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. हातमोजे आणि चष्मा घालावा. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनियायुक्त क्लीनर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

भुकटी सुटणाऱ्या भिंतीवर प्रायमर टाळता येत नाही, कारण त्याशिवाय नवा रंग भिंतीला न धरता भुकटीलाच धरतो. आधी भिंत घासून, धुऊन वाळू द्यावी आणि भुकटी बांधून ठेवणारा, आत मुरणारा प्रायमर द्यावा. बाहेर सगळीकडे पुट्टी ओढण्याची गरज नाही. बारीक तडे थोडे रुंद करून लवचीक ॲक्रिलिक फिलरने भरले की पुरे. मात्र एखादी भेग रुंदावत असेल, तर ती जाणकाराला दाखवल्याशिवाय बुजवू नये.

परांची:
त्रिकोणी भिंतीचे काम एकट्याने करू नका. शिडी जितक्या उंचीवर टेकेल त्याच्या सुमारे एक चतुर्थांश अंतर तिचा पाय भिंतीपासून दूर असावा, तो घट्ट, सपाट जागेवर असावा आणि खाली कोणीतरी थांबलेले असावे. कमरेच्या रेषेबाहेर झुकण्यापेक्षा खाली उतरून शिडी सरकवणे केव्हाही बरे. विजेच्या तारा जवळ असतील तर धातूची शिडी वर्ज्यच समजा. मोठा भाग लांब दांड्याच्या रोलरने जमिनीवरूनच होतो. माथा फारच उंच असेल तर तेवढ्यापुरती परांची बांधून घ्यावी. आणखी एक गोष्ट म्हणजे रंग फार जुना असेल तर त्यात शिसे असू शकते. तसा संशय असल्यास चाचणी होईपर्यंत तो कोरडा घासू नये, धूळ श्वासात जाते.

ओसरी:
आभारी आहे. खाराच्या भिंतीला फुलझाडांचा वाफा टेकलेला आहे, तो आधी हलवतो. तिथला पोकळ झालेला गिलावा काढून नवा केला तर लगेच रंगवता येईल का?

चुनखडी:
नाही. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला साधारण 28 दिवस द्यावेत. तोवर तो फार अल्कधर्मी आणि ओलसर असतो, त्यामुळे रंग फिका पडतो किंवा डाग उठतात. तेवढ्या काळात बाकीच्या भिंती करून घ्या. ऊन ज्या भिंतीवरून सरकले असेल ती त्या वेळी घ्यावी, कारण तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच वाळतो आणि रोलरचे पट्टे उमटतात. एकाच छटेचे सर्व डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घेतले, तर भिंतीच्या मध्यावर छटा बदललेली दिसत नाही.