गव्हाचा तांबेरा: एका मोठ्या जनुकावर विसंबावे, की हळू लढणाऱ्या अनेक जनुकांवर?

धरमपेठकर
तांबेरा हा गव्हाचा बुरशीजन्य रोग. गव्हाच्या बियाण्याच्या पिशवीवर ‘तांबेरा प्रतिकारक’ एवढेच छापून ते विकण्याची पद्धत बंद व्हावी आणि त्या प्रतिकारामागे एक जनुक आहे की अनेक, आणि ती कोणती, हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगितले जावे, असे माझे ठाम मत आहे. बियाणे तपासणीच्या कामात माझी नोकरी गेली आणि त्या सर्व वर्षांत हा प्रश्न मला एकाही शेतकऱ्याने विचारला नाही, कारण तो विचारता येतो हेच कोणी त्यांना सांगितले नव्हते.

मोठे जनुक म्हणजे एकट्याने रोग अडवणारे जनुक. ते बुरशीचे एखादे ठरावीक प्रथिन ओळखते आणि लागण झालेली पेशी तिथल्या तिथे मारून रोग थांबवते. पान स्वच्छ राहते, परंतु बुरशीने ते एक प्रथिन बदलले की सगळे संरक्षण एका हंगामात संपते. राय या पिकातून गव्हात आणलेले एसआर ३१ हे जनुक खोडावरील काळ्या तांबेऱ्याविरुद्ध जगभर वापरले गेले. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारी बुरशी सापडली आणि १९९९ मध्ये ती यूजी ९९ या नावाने नोंदली गेली. आपल्या पंजाबात १९९५ मध्ये आलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या वाणाने प्रचंड क्षेत्र व्यापले आणि पुढे पिवळ्या तांबेऱ्यापुढे तो टिकला नाही.

याउलट एलआर ३४ या जनुकाचा प्रतिकार कित्येक दशके वापरात असूनही मोडलेला नाही. ते बुरशीला मारत नाही, तिची वाढ मंदावते, आणि पानावरील, खोडावरील व पिवळा अशा तिन्ही तांबेऱ्यांवर तसेच भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगावरही त्याचा काही प्रमाणात परिणाम होतो. पैदासकारांनी, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्यांनी, पहिली पसंती अशा जनुकांना द्यावी.

काटोलचा शेतकरी
साहेब, आपला मुद्दा समजला, पण मान्य नाही. माझ्याकडे कपाशी निघाल्यावर गहू पेरायला डिसेंबर उजाडतो. फेब्रुवारीच्या उन्हाने दाणा आधीच बारीक पडतो, त्यात ‘थोडा रोग चालेल’ असे म्हणणारा वाण मी कोणत्या हिमतीने पेरावा? शिवाय पानांची टोके वाळलेला गहू मी पाहिला आहे. शेजाऱ्याने पालाश कमी पडले म्हणून खत टाकले, मग रोग समजून फवारणी केली, आणि पुढच्या वर्षी तो वाणच सोडला. आम्हाला स्वच्छ पान हवे आहे. चार वर्षांनी वाण निकामी झाला, तर बदलू.

विद्यार्थिनी, महाराजबाग
काका, ती वाळलेली टोके बहुधा त्या जनुकाचीच खूण असावी. एलआर ३४ असलेल्या वाणांत पानाचे टोक असे वाळते आणि त्याच खुणेवरून पैदासकार त्याला शेतात ओळखत आले आहेत. एसआर २ या दुसऱ्या टिकाऊ जनुकाचीही हीच कथा आहे: त्याने ओंबीच्या तुसांवर काळपट डाग येतात आणि ते रोगाचे समजून अनेक चांगली झाडे निवडीतून बाद होतात. टिकाऊ प्रतिकार दिसायला आजारासारखा असतो, हीच त्याची मोठी अडचण आहे, आणि पिशवीवरच्या दोन शब्दांत ती मावत नाही.

मात्र धरमपेठकर सरांशीही माझा मतभेद आहे. एलआर ३४ एकटे पुरेसे नाही. ते मुख्यतः वाढलेल्या झाडात काम करते आणि रोगाचा दाब जास्त असेल तर नुकसान होतेच. अशी चार-पाच जनुके एका वाणात एकत्र आणली तर पान जवळजवळ निरोगी राहते, हे सिद्ध झाले आहे. तसेच सगळी मोठी जनुके टाकाऊ नाहीत. आपल्या खपली या जुन्या गव्हातून एसआर १४ हे जनुक जगाच्या पैदास कार्यक्रमांत गेले, आणि एसआर १३ च्या स्रोतांतही खपली आहे. मोठी जनुके एकेकटी वाटण्याऐवजी एकत्र बांधून द्यावीत, म्हणजे बुरशीला एकाच वेळी अनेक बदल करावे लागतील.

बीजोत्पादक, कामठी
जनुकांची नावे छापण्याला माझा विरोध आहे. बुरशी बदलत राहते, आणि छापलेला मजकूर पुढच्या हंगामात खोटा ठरला तर दोष विक्रेत्यावर येईल. खरी अडचण वेगळी आहे: नागपूरच्या कळमना बाजारात आजही लोकवन गव्हाला मागणी आहे आणि घरोघरी वर्षाचा तोच गहू भरला जातो, तर तो तांबेऱ्याला बळी पडणारा वाण आहे. बाजार जोवर बदलत नाही, तोवर पैदासकारांची जनुके प्रयोगशाळेतच राहतील. तोपर्यंत वेळेवर पेरणी, आणि रोग दिसताच प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकाची फवारणी, एवढेच हाती आहे.

धरमपेठकर
लोकवनबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि जनुकांची नावे छापण्याचा आग्रहही मी सोडतो. ‘एकेरी’ की ‘एकत्रित’ एवढे लिहिले तरी पुरे. परंतु ‘निकामी झाला तर बदलू’ हे काटोलच्या दादांचे म्हणणे मला धोक्याचे वाटते. मैदानी प्रदेशात उन्हाळ्यात ही बुरशी टिकत नाही. मध्य भारतातील काळा तांबेरा निलगिरी व पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर येतो, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवले होते, आणि नोव्हेंबरातील चक्रीवादळांचा पाऊस ते बीजाणू इकडे उतरवतो. त्या संपूर्ण वाटेवर एकच जनुक पेरलेले असेल, तर दक्षिणेत ते मोडताच इथेही मोडलेले असते. १९४६-४७ च्या साथीत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते, त्याच मध्य प्रांतातील गहू काळ्या तांबेऱ्याने उद्ध्वस्त झाला. अशा वर्षी बदलायला बियाणे आणणार कोठून?

काटोलचा शेतकरी
वाटेचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. पण हमी हवी असेल तर ती माझ्या शेतात दिसली पाहिजे. ताई, एकत्रित प्रतिकाराचा वाण सुचवा. येत्या रब्बीत मी अर्धा एकर वेळेवर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरीन आणि उरलेला नेहमीप्रमाणे कपाशीनंतर डिसेंबरात. पानांची टोके वाळली तरी या वेळी फवारणी करणार नाही. मळणीनंतर दोन्हींचे वजन इथेच कळवतो.