‘करून’, ‘करताना’, ‘केल्यावर’: इंग्रजीत क्रिया जोडताना मुलं नेमकी कुठे अडतात?

पाटीपेन्सिल:
मराठी वाक्य इंग्रजीत करायला दिलं की दहावीची मुलं एकतर ‘अँड देन, अँड देन’ची आगगाडी जोडतात, नाहीतर दिसेल त्या क्रियापदाला ‘इंग’ लावून मोकळी होतात. नमुन्याचं वाक्य:

‘घरी पोहोचल्यावर कुलूप उघडून मीनाने पर्समधून चिठ्ठी काढली आणि ती वाचत असतानाच दिवे गेले.’

वर्गातलं सरासरी उत्तर:

‘आफ्टर रीचिंग होम अँड ओपनिंग द लॉक, मीना टुक नोट फ्रॉम पर्स अँड व्हाइल रीडिंग इट, द लाइट्स वेंट आउट.’

शेवटचा तुकडा चुकलाय हे कळतं, पण मुलांना पटेल असं कारण सांगता येत नाही. दुसरं, ‘हर पर्स’मधला ‘हर’ हवाच का? मराठीत ‘तिच्या पर्समधून’ म्हटलं तर उलट दुसऱ्याच कुणाची तरी पर्स वाटते. आणि तिसरं, ‘देन’ आणि ‘हाउएव्हर’ वाक्यं जोडताना दिसतात, मग त्यांना उभयान्वयी अव्यय का म्हणायचं नाही?

अल्पविराम:
पहिल्याचं उत्तर मराठीतूनच द्या, मुलांना लगेच दिसतं. आपण क्रिया जोडतो त्या क्रियापदाच्या शेपटीला: ‘ऊन’, ‘ताना’, ‘ल्यावर’. त्यातलं ‘ऊन’ बहुधा एकच कर्ता मागतं. कुलूप उघडणारी मीना आणि चिठ्ठी काढणारीही मीनाच. ‘ताना’ आणि ‘ल्यावर’ मात्र दोन कर्ते सहज चालवून घेतात: वाचणारी मीना, जाणारे दिवे.

इंग्रजीतल्या बिनकर्त्याच्या ‘इंग’ला ही मोकळीक नाही. ते मुख्य वाक्याचा कर्ता उसना घेतं. म्हणून ‘व्हाइल रीडिंग इट, द लाइट्स वेंट आउट’ याचा अर्थ दिवे चिठ्ठी वाचत होते असा होतो. चाचणी सोपी आहे. दोन्ही क्रियांना ‘कोण?’ विचारायचं. उत्तर एकच असेल तर ‘इंग’ चालेल, वेगवेगळं असेल तर कर्ता आणि पूर्ण क्रियापद लिहायचं.

मी ते वाक्य असं करेन: ‘व्हेन मीना गॉट होम, शी अनलॉक्ड द डोअर अँड टुक अ नोट आउट ऑफ हर पर्स. शी वॉज स्टिल रीडिंग इट व्हेन द लाइट्स वेंट आउट.’

‘असतानाच’मधला ‘च’ कुठे गेला पाहा: ‘स्टिल’मध्ये. चालू असलेल्या क्रियेला ‘वॉज रीडिंग’ आणि तिला मध्येच तोडणाऱ्या क्रियेला ‘व्हेन’ व साधा भूतकाळ, ही जोडी पाठच करून घ्यावी. एका मराठी वाक्याची दोन इंग्रजी वाक्यं झाली तर गुण कापू नका.

‘ऊन’चेही सगळेच ‘इंग’ होत नाहीत. ‘तो हसून म्हणाला’ इथे ते रीत दाखवतं, ‘ही सेड विथ अ स्माइल’. ‘त्याला जाऊन दहा वर्षं झाली’ इथे कर्ताही वेगळा आणि अर्थही, ‘इट इज टेन इयर्स सिन्स ही लेफ्ट’.

खडूफळा:
‘हर’बद्दल. शरीराचे अवयव, कपडे, अंगावरच्या किंवा हातातल्या वस्तू यांचा मालक मराठी गृहीत धरते. ‘त्याने खिशात हात घातला’ यात ना हाताला ‘आपला’, ना खिशाला. इंग्रजीत दोन्हीकडे: ‘ही पुट हिज हँड इन हिज पॉकेट’. या ‘हिज’मुळे दुसऱ्या वस्तूचा धागा पहिल्या कर्त्याशी बांधला जातो. अपवाद एवढाच की माणूस आधीच कर्म म्हणून आला असेल तर अवयवाला ‘द’ लागतो: ‘शी टुक हिम बाय द हँड’.

उलट्या बाजूची अडचण ‘आपला’ची. ‘रमेशने सुरेशला आपल्या गाडीतून सोडलं’ यात गाडी कुणाची याबद्दल मराठीत शंका नाही. ‘रमेश ड्रॉप्ड सुरेश होम इन हिज कार’ यात आहे. तिथे ‘हिज ओन कार’ लिहा किंवा रचना बदला.

आता मुलं हमखास पडतात ती जागा: ‘पडून त्याचा पाय मोडला.’ पडला तो, मोडला पाय. मराठीला चालतं, कारण ‘त्याचा’ हा शब्द दोघांना बांधून ठेवतो. ‘फॉलिंग डाउन, हिज लेग ब्रोक’ केलं की पायच पडला. इंग्रजीत षष्ठीतल्या माणसाला उचलून कर्त्याच्या जागी बसवायचं: ‘ही फेल अँड ब्रोक हिज लेग.’

एका ठिकाणी मात्र मराठी मदतीला येते. ‘त्याचं उशिरा येणं सरांना खटकलं’ याचं थेट ‘हिज कमिंग लेट’ होतं. बोलताना ‘हिम कमिंग लेट’ सर्रास ऐकू येतं. इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी १९२६ च्या त्या कोशात त्यावर बरीच आगपाखड केली, तरी ते बोलण्यातून गेलं नाही. परीक्षेत ‘हिज’ लिहायला सांगा.

मधली सुट्टी:
तिसऱ्या प्रश्नाला एक युक्ती: शब्द हलवून बघा. ‘द बस, हाउएव्हर, वॉज लेट’ चालतं, म्हणजे ते क्रियाविशेषण. ‘द बस, बट, वॉज लेट’ चालत नाही, म्हणजे ‘बट’ उभयान्वयी. समान दर्जाची वाक्यं जोडणारी सातच: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. ‘देन’ आणि ‘देअरफोर’ त्यांत नाहीत, म्हणून दोन वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम आणि पुढे ‘देन’ ही चूक. ‘अँड देन’ लिहा, नाहीतर अर्धविराम द्या.

गौण वाक्यांत सगळा घोळ आपल्या जोडशब्दांचा आहे. ‘जरी–तरी’मुळे ‘ऑल्दो’च्या पुढे ‘बट’ येतं, ‘कारण–म्हणून’मुळे ‘बिकॉज’च्या पुढे ‘सो’. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’मधून ‘अनटिल ही डज नॉट कम’ निघतं, ‘मी पोहोचेन तेव्हा’मधून ‘व्हेन आय विल रीच’.

यावर माझा उपाय असा: इंग्रजीला हात लावण्याआधी मराठी वाक्यच बदलायचं. ‘तो येईपर्यंत थांब’ केलं की ‘नाही’ गळून पडतं आणि ‘अनटिल ही कम्स’ आपोआप येतं. ‘पोहोचल्यावर फोन करेन’ केलं की भविष्यकाळ एकदाच उरतो: ‘आय विल कॉल व्हेन आय रीच’.

पाटीपेन्सिल:
मराठी आधी बदलायची युक्ती उद्याच वापरतो. एक राहिलं. ‘असतानाच’साठी एका मुलाने लिहिलंय: ‘नो सूनर मीना ओपन्ड द नोट देन द लाइट्स वेंट आउट.’ कल्पना चांगली आहे, गुण किती द्यावेत?

अल्पविराम:
अर्थ थोडा सरकलाय. हे ‘उघडते न उघडते तोच’ झालं, ‘वाचत असतानाच’ नाही. शिवाय दोन चुका आहेत. ‘नो सूनर’ वाक्याच्या सुरुवातीला आलं की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, आणि ते ‘डिड’ असेल तर पुढे मूळ रूप, ‘डिड मीना ओपन’. ‘डिड ओपन्ड’ नाही. दुसरी चूक ‘देन’ची. ‘सूनर’ तुलनेचं रूप आहे, त्याला ‘दॅन’ लागतं. आपल्या उच्चारात दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून हे कानाने सुटत नाही, स्पेलिंग पाहूनच शिकवावं लागतं. ‘हार्डली’ असेल तर मात्र ‘व्हेन’: ‘हार्डली हॅड मीना ओपन्ड द नोट व्हेन द लाइट्स वेंट आउट.’

दोनपैकी एक द्या.