तीस वर्षांचं युद्ध (१६१८-४८) धर्मासाठी होतं का सत्तेसाठी? मग कॅथलिक फ्रान्स स्वीडनच्या बाजूने कसा?

अभ्यासिका_लातूर:
नमस्कार मंडळी. यूपीएससीला इतिहास ऑप्शनल घेतलाय आणि युरोपच्या भागात पार अडकलेय. नोट्समध्ये एका ओळीत दिलंय की हे युद्ध म्हणजे कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट. पण पुढच्याच पानावर फ्रान्सचा मुख्यमंत्री रिशल्यू, जो स्वतः रोमन चर्चचा कार्डिनल (पोपखालचा बडा धर्मगुरू), तो लुथरन (म्हणजे प्रोटेस्टंट) स्वीडनच्या राजाला पैसे पुरवतोय, आणि त्याच्या दहा वर्षं आधी लुथरन सॅक्सनी (एक जर्मन संस्थान) कॅथलिक सम्राटाला (जर्मन संस्थानांवरच्या पवित्र रोमन सम्राटाला) मदत करतोय! क्लासचे सर म्हणाले धर्म फक्त निमित्त, खरं कारण सत्ता. मला ते पूर्ण पटत नाहीये, नुसत्या निमित्तासाठी लोक घरदार सोडून देशोधडीला लागतील का? कुणी नीट उलगडून सांगेल का प्लीज.

कृष्णाकाठ:
सर बरोबर आहेत असं माझं मत. फ्रान्सचा नकाशा बघा, खाली स्पेन, वर स्पेनच्याच ताब्यातलं नेदरलँड्स, इटलीत मिलान, पूर्वेला ऑस्ट्रिया, सगळीकडे हॅब्सबर्ग घराणं, सम्राटही त्यातलाच. रिशल्यूने १६२७-२८ मध्ये ला रोशेलला वर्षभर वेढा घालून आपल्याच देशातल्या प्रोटेस्टंटांचा बालेकिल्ला पाडला आणि जानेवारी १६३१ मध्ये बेरवाल्डला स्वीडनच्या गुस्ताव अडोल्फसशी करार केला, वर्षाला ४ लाख थालर (चांदीची नाणी). घरात आणि बाहेर दोन्हीकडे हिशोब एकच, फ्रान्सच्या राजाला वरचढ कुणी नको. सॅक्सनीला तर मदतीच्या बदल्यात लुसाशिया हा प्रांतच मिळाला. यात धर्म कुठे आलाय सांगा.

जुनीपानं:
कृष्णाकाठ, रिशल्यूचं सगळं मान्य, पण तुम्ही १६३१ पासून गोष्ट सुरू केलीत म्हणून ती तशी दिसते. मी थोडं मागून सांगतो, लांबेल, सांभाळून घ्या.

१५५५ चा ऑग्सबर्गचा तह. त्यात ठरलं की संस्थानिकाचा जो धर्म तोच त्याच्या मुलखाचा, पर्याय फक्त कॅथलिक किंवा लुथरन, कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंटांचा दुसरा पंथ) यात नाहीतच. आणि बिशप जर लुथरन झाला तर त्याने बिशपपद आणि जमीन सोडायची. आता बघा, तिथले बिशप हे नुसते धर्मगुरू नव्हते, ते संस्थानिकच होते, कर घ्यायचे, सैन्य ठेवायचे. म्हणजे एक बिशप कुठल्या पंथाचा हा प्रश्न सरळ मुलूख कुणाचा, महसूल कुणाचा इथे जातो. धर्म बाजूला काढला की सत्तेचा प्रश्नच कळत नाही, आणि उलटही तसंच.

बोहेमिया (आजच्या चेकियातला मुलूख, राजधानी प्राग) घ्या. सम्राट निवडणारे सात जण, त्यातले तीन कॅथलिक आर्चबिशप, तीन प्रोटेस्टंट (सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग, पॅलेटिनेट), आणि सातवं मत बोहेमियाच्या राजाचं. मे १६१८ मध्ये प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी राजाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि एका कारकुनाला खिडकीतून खाली फेकलं (तिघंही वाचले), ते १६०९ साली मिळालेली पूजेची मोकळीक काढून घेतली जातेय म्हणून. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या कॅथलिक हॅब्सबर्ग राजाला, फर्डिनांडला (तोच त्या वर्षी सम्राटही झाला), पदच्युत करून पॅलेटिनेटच्या फ्रेडरिकला राजा केलं. तो टिकला असता तर सातातली चार मतं प्रोटेस्टंट! व्हिएन्नातले हॅब्सबर्ग हे कसं सहन करणार.

नोव्हेंबर १६२० ला व्हाईट माउंटनची लढाई, सम्राटाच्या बाजूच्या फौजेपुढे काही तासांत बोहेमिया हरलं. जून १६२१ मध्ये प्रागच्या चौकात २७ जणांना मारलं, आणि १६२७ मध्ये सरदारांना सांगितलं की कॅथलिक व्हा नाहीतर जमीन विकून देश सोडा. हजारो लोक खरंच गेले. ज्यांच्याकडे गढ्या होत्या, जमीन होती, त्यांनी ते सोडलं, अभ्यासिका, तुमचा प्रश्न इथे एकदम बरोबर लागतो, ही माणसं कुणाचं निमित्त नव्हती.

आता दुसरी बाजू. १६२९ ला फर्डिनांडने हुकूम काढला की १५५२ नंतर प्रोटेस्टंटांनी घेतलेली चर्चची सगळी मालमत्ता परत करा. त्याचा स्वतःचा विश्वास पक्का होता यात मला शंका नाही, पण हॅल्बरश्टाट, माग्डेबुर्ग अशा बिशपांच्या मोठ्या गाद्यांवर बसवायला त्याचा धाकटा मुलगाही तयार होता. म्हणून १६३० मध्ये कॅथलिक संस्थानिकच बिथरले, बव्हेरियाच्या मॅक्सिमिलियनने पुढाकार घेऊन सम्राटाला त्याचा सेनापती वॉलनश्टाईन काढायला लावला, तेही गुस्ताव अडोल्फस उत्तरेत उतरत असतानाच. एका पंथाचे सगळे एका बाजूला असं कधीच नव्हतं. आणि मे १६३१ मध्ये सम्राटाच्या फौजेने तेच माग्डेबुर्ग शहर जिंकून लुटलं, ते जळालं, सुमारे २०,००० माणसं गेली. ती बातमी पत्रकांमधून युरोपभर पोचली आणि कुंपणावर बसलेले प्रोटेस्टंट स्वीडनकडे वळले.

तेव्हा परीक्षेत धर्म की सत्ता असं लिहूच नका. १६३५ नंतर फ्रान्स उघड युद्धात उतरल्यावर घराण्यांचं राजकारण वर येतं हे लिहा, पण १६१८ ते २९ ला ते लावू नका.

वेंगुर्ल्याचा:
थोडं अवांतर. डचांचं स्पेनशी युद्ध याच काळात चालू होतं आणि १५८० ते १६४० पोर्तुगालचा राजा म्हणजे स्पेनचाच राजा, त्यामुळे इकडे गोव्याचे पोर्तुगीज डचांचे शत्रू. गोव्याच्या तोंडाशी डच जहाजं येऊन नाकेबंदी करायची, आणि १६३७ मध्ये त्यांनी आमच्या वेंगुर्ल्यात आदिलशाही मुलखात वखार घातली, गोव्यावर लक्ष ठेवायला जागा सोयीची. इमारतीचे अवशेष अजून आहेत, हालत बघवत नाही, पुरातत्त्व खात्याने खरंच मनावर घ्यावं.

अभ्यासिका_लातूर:
जुनीपानं, खूप खूप आभार, सात मतांचं गणित कुठेच वाचलं नव्हतं. शेवटचं एक, १६४८ ला मग धर्माचं काय ठरलं? आणि पोपने ऐकलं का?

जुनीपानं:
पोप दहाव्या इनोसंटने १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाचा निषेध केला, पण दोन्ही बाजूच्या कॅथलिक राजांनी तो बाजूला ठेवला, तहातच तसं कलम होतं. कॅल्व्हिनपंथीयांना मान्यता मिळाली. चर्चच्या जमिनींसाठी १६२४ हे साल धरलं, त्या वर्षी जे ज्याच्याकडे होतं ते त्याचं, आणि यापुढे राजाने पंथ बदलला म्हणून प्रजेने बदलायची सक्ती नाही. ओस्नाब्रुकमध्ये तर एकदा कॅथलिक बिशप, एकदा लुथरन असं आळीपाळीने ठरलं, आणि ऑग्सबर्ग शहरात पदं निम्मी निम्मी. हे सगळं कुणी मनाने उदार झालं म्हणून नाही, तीस वर्षांत कुणालाच पूर्ण जिंकता आलं नाही म्हणून.

पण हॅब्सबर्गांच्या खास मुलखाला, म्हणजे बोहेमियालाही, यातलं जवळजवळ काही लागू नव्हतं. बी.एड.ला ज्याचं नाव शिकवतात तो कोमेनियस हा तिथल्याच बंधुसंघाचा (एका प्रोटेस्टंट पंथाचा) बिशप, त्याने स्वीडनच्या चान्सलर ओक्सेनश्टिएर्नाला कळवळून पत्र लिहिलं की आम्हाला वाऱ्यावर सोडलंत. परत जाता आलं नाही त्याला, १६७० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला वारला. वेस्टफालियाच्या तहाने धार्मिक शांतता आली एवढंच लिहून पुढे जातात बरेच जण, तुम्ही बोहेमियाचा अपवाद नक्की लिहा.